कासिद आभाळात गेला, पण कोणाचा?

उर्दूच्या तासाला ‘कासिद’ हा शब्द आला की मी मुद्दाम थोडा थांबतो. कासिद म्हणजे निरोप पोचवणारा. मुलांना तो शेरोशायरीतला माणूस वाटतो, आशिकाची चिठ्ठी घेऊन जाणारा. मग मी त्यांना सांगतो की पेशवाईच्या मराठी कागदपत्रांतही हाच माणूस ‘कासीद’ होऊन जागोजागी भेटतो, आणि तिथे त्याच्या थैलीत प्रेमपत्र नसते, लढाईची खबर असते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झाले त्याची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सरकारी कासिदाकडून नव्हे. एका सावकारी पेढीचे पत्र घेऊन निघालेल्या कासिदाकडून कळली. व्यापाऱ्यांची टपाल सरकारी टपालाच्या पुढे धावत होती.

यंदा हे सांगून झाल्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, मग आताच्या लढाईत कासिद कोण?” मी म्हणालो, “उपग्रह.” तेवढ्यात घंटा झाली. उत्तर अर्धेच राहिले. ते इथे पुरे करतो.

उर्दूत उपग्रहाला ‘मसनूई सय्यारा’ म्हणतात, म्हणजे माणसाने घडवलेला ग्रह. पण फौजांनी निरोपासाठी आभाळाकडे पाहिले तेव्हा पहिला कासिद मसनूई नव्हता. तो आपला नेहमीचा चंद्र होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाची अडचण साधी होती. हजारो मैलांवरच्या जहाजाशी बोलायचे तर रेडिओच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटवून पलीकडे पाठवाव्या लागत. सूर्यावर खळबळ झाली की तो थर बिघडे आणि संपर्क तुटे. नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या जेम्स ट्रेक्सलर या अभियंत्याने वेगळा विचार केला: लहरी चंद्रावरच का आपटवू नयेत? १९५४ मध्ये माणसाचा आवाज चंद्रावर जाऊन परत आला. जायला-यायला अडीच सेकंद लागले. १९६० पर्यंत हवाई बेटे आणि वॉशिंग्टन यांच्यात असा चंद्रमार्गी दळणवळणाचा रस्ता चालूही झाला होता. त्यातली गोम एकच: चंद्र दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी दिसला पाहिजे. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर उभे राहिलेल्या आपल्या लोकांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

दरम्यान स्पुटनिक उडाला होता (४ ऑक्टोबर १९५७), आणि अमेरिकेला काहीतरी करून दाखवायची घाई झाली होती. १८ डिसेंबर १९५८ रोजी ‘ॲटलस’ हे अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बनवलेले क्षेपणास्त्र आख्खेच्या आख्खे कक्षेत सोडले गेले. त्याच्या अंगावर सैन्याच्या सिग्नल विभागाची यंत्रे बसवली होती, त्यांत एक टेपरेकॉर्डर होता. या प्रकल्पाचे नाव स्कोअर. ते इतके गुपित होते की उड्डाणावर काम करणाऱ्या बहुतेकांनाही आत काय आहे ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या टेपवरून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा नाताळचा संदेश पृथ्वीवर ऐकू आला: सगळ्या मानवजातीला शांतता लाभो, अशा अर्थाचा. अवकाशातून प्रसारित झालेला माणसाचा पहिला आवाज शांततेचा होता, आणि तो बोलत होता क्षेपणास्त्राच्या पोटातून. बारा-तेरा दिवसांत बॅटरी संपली.

इथे थोडे विज्ञान. १९४५ मध्येच आर्थर क्लार्क यांनी एका ब्रिटिश मासिकात लिहिले होते की विषुववृत्तावर जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या वस्तूला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला बरोबर एक दिवस लागेल. पृथ्वीही तेवढ्याच वेळात फिरते, म्हणून ती वस्तू जमिनीवरून पाहिली तर एकाच जागी खिळल्यासारखी दिसेल. अशा तीन वस्तू ठेवल्या की ध्रुवांकडचा भाग सोडून सगळी पृथ्वी आटोक्यात येते. कल्पना सुंदर, पण तिथपर्यंत पोचायला ताकदीचे रॉकेट हवे, आणि ते तेव्हा कोणाकडे नव्हते.

ते मिळेपर्यंत जे प्रयोग झाले त्यातला एक तर मुलांना सांगितला की खरा वाटत नाही. सूर्याने बिघडवलेला तो वरचा थर नकोच, आपणच एक थर बनवू, असे ठरवून अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये कोट्यवधी तांब्याच्या बारीक तारा कक्षेत उधळल्या. प्रत्येक तार पावणेदोन सेंटिमीटरची, केसासारखी पातळ. प्रयोग चाललाही. पण जगभरचे खगोलशास्त्रज्ञ चिडले. आभाळ सगळ्यांचे आहे, त्यात एका देशाच्या फौजेने कचरा का टाकावा, हा त्यांचा प्रश्न होता. तारा बहुतेक खाली आल्या. प्रश्न अजून वरच आहे.

व्हिएतनाममध्ये हा कासिद पहिल्यांदा खऱ्या लढाईत उतरला. आधी सिंकॉम हे नासाचे उपग्रह सैन्याने हाती घेतले. मग १६ जून १९६६ ला एकाच रॉकेटने सात छोटे लष्करी दळणवळण उपग्रह एकदम वर गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये आणखी आठ पाठवले ते रॉकेटच फसल्याने गेले. तरी दोन वर्षांत एकूण सव्वीस उपग्रह काम करू लागले. प्रत्येकाचे वजन सुमारे ४५ किलो, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीपेक्षाही कमी. त्यांत बॅटरी नव्हती, जमिनीवरून हुकूम देऊन वळवायची सोय नव्हती. ते मुद्दाम थोड्या कमी उंचीवर ठेवले होते, त्यामुळे आभाळात हळूहळू सरकत राहत. एक मावळला की दुसरा उगवे. सायगावहून टेहळणीची छायाचित्रे हवाई बेटांवर आणि तिथून वॉशिंग्टनला जाऊ लागली. रणांगणातला फोटो राजधानीतल्या टेबलावर त्याच दिवशी. त्याने युद्ध जिंकले नाही हे आपल्याला माहीत आहे. उलट दूर बसलेल्यांना आपल्याला सगळे दिसते आहे असे वाटू लागले. हा रोग पुढे वाढला.

सोव्हिएत संघाची तऱ्हा वेगळी होती. त्यांचा देश इतका उत्तरेला की विषुववृत्तावरचा उपग्रह तिथून क्षितिजाला टेकलेला दिसतो. म्हणून त्यांनी लांबुळक्या कक्षेचा मार्ग काढला: दक्षिणेकडे पृथ्वीजवळून झपकन जायचे आणि उत्तरेकडे चाळीस हजार किलोमीटर वर रेंगाळायचे. एप्रिल १९६५ मध्ये त्यांचा पहिला यशस्वी ‘मोल्निया’ असा सुटला. मोल्निया म्हणजे वीज. भूगोलाने तंत्रज्ञानाला कसे वळण दिले याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

याच काळात या यंत्राने एक भले कामही केले, त्याची आठवण कमी निघते. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची सोय झाली. सिनेमात लाल टेलिफोन दाखवतात, प्रत्यक्षात ती टेलिप्रिंटरची केबल होती. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशी फिरत जाणारी. दोन महासत्तांमधले अणुयुद्ध टाळण्याची ही दोरी फिनलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या नांगराने एकदा तोडली. १९७१ मध्ये करार झाला की यापुढे ही सोय उपग्रहांवरून चालेल: एक वाट सोव्हिएत मोल्नियाची, दुसरी इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहांची. त्याच वर्षी आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वीला विक्रम भूकेंद्र सुरू झाले, तेही इंटेलसॅटशीच जोडलेले. आर्वीहून आखातातल्या बापाला, मामाला फोन लागायचे. ज्या यंत्रणेतून दोन महासत्ता एकमेकींना ‘थांबा’ म्हणणार होत्या, त्याच यंत्रणेतून आपल्या घरांतली ख्यालीखुशाली जात होती.

आता ४ मे १९८२. फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिश नौदलाची ‘शेफील्ड’ ही विनाशिका पहाऱ्यावर होती. ब्रिटनने १९६९ मध्ये ‘स्कायनेट’ नावाचा लष्करी उपग्रह भूस्थिर कक्षेत ठेवला होता, पण सुएझच्या पूर्वेकडून फौज मागे घेतल्यावर त्यावर खर्च कशाला, म्हणून पुढे हात आखडला. दक्षिण अटलांटिकात लढायची वेळ आली तेव्हा त्यांना अमेरिकेच्या उपग्रहांचा आधार घ्यावा लागला. शेफील्डवर उपग्रहाशी बोलायचे यंत्र होते. त्याच जहाजावर शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे दुसरे यंत्र होते. पहिले बोलू लागले की दुसऱ्याला ऐकू येईनासे होई. अर्जेंटिनाची विमाने समुद्राला घासून आली तेव्हा पहिले यंत्र बोलत होते. एक्झोसेट क्षेपणास्त्र जहाजाच्या कुशीत घुसले, वीस माणसे मेली. चौकशीत जहाजावरच्या इतर हलगर्जीपणाचीही नोंद झाली, सगळा दोष एका यंत्रावर टाकता येणार नाही. तरी चित्र डोळ्यांसमोरून हटत नाही: दूरच्या मुख्यालयाशी बोलण्यात गुंतलेले जहाज, आणि दाराशी आलेला मृत्यू त्याला ऐकू आला नाही.

अमेरिकेने शीतयुद्धाच्या शेवटाकडे ‘मिलस्टार’ नावाचे उपग्रह आखले. अणुयुद्ध सुरू झाल्यावरही हुकूम पोचावा ही त्यांची अट. दोन उपग्रह आपापसांत ज्या लहरींवर बोलत त्या निवडताना मोठी चलाखी केली होती: हवेतला ऑक्सिजन त्या लहरी शोषून टाकतो, त्यामुळे वर चाललेले बोलणे जमिनीवरून चोरून ऐकता येत नाही. पहिला मिलस्टार १९९४ मध्ये गेला, तोवर ज्याच्यासाठी तो बनवला तो सोव्हिएत संघच उरला नव्हता. तिसऱ्याची गोष्ट मी गणिताच्या सरांना नेहमी सांगतो. ३० एप्रिल १९९९ ला रॉकेटच्या संगणकात एक आकडा भरताना दशांशचिन्ह एक घर सरकले. उणे १.९९ ऐवजी उणे ०.१९९. रॉकेट गडबडले, उपग्रह निकामी कक्षेत गेला, एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाया. मुलांच्या उत्तरपत्रिकेत आपण त्याला अर्धा गुण कापतो.

१९९१ चे आखाती युद्ध हे पहिले ‘अवकाशयुद्ध’ म्हणून सांगितले जाते. पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक वाळवंटात, आणि तिथे तयार टेलिफोनच्या तारा नाहीत. पॅसिफिकवरचा एक लष्करी उपग्रह हिंदी महासागरावर सरकवून आणावा लागला. तरी पुरेना, म्हणून खासगी कंपन्यांच्या उपग्रहांवर जागा भाड्याने घेतली. २००३ मध्ये इराकवर पुन्हा चढाई झाली तोवर अमेरिकी फौजेच्या उपग्रह दळणवळणाचा सुमारे ऐंशी टक्के भार व्यापारी उपग्रहांवर होता. ब्रिटनने तर त्याच वर्षी स्कायनेटची सगळी व्यवस्था एका खासगी कंपनीच्या हाती दिली. फौज फक्त सेवा विकत घेणार. सावकाराचा कासिद पुन्हा पुढे निघाला होता.

एवढे निरोप जायचे कुठे? बराचसा भाग ड्रोनच्या डोळ्यांतून येणाऱ्या चित्रांचा होता. नेवाडाच्या वाळवंटात खोलीत बसलेला वैमानिक अफगाणिस्तानावरचे विमान चालवतो, ते असे: त्याचा हुकूम समुद्राखालच्या केबलने जर्मनीतल्या रामस्टाइन तळापर्यंत, तिथून उपग्रहावर, उपग्रहावरून विमानापर्यंत. चित्र त्याच वाटेने उलटे. यात सेकंदाहून जास्त वेळ जातो, म्हणून उड्डाण आणि उतरणे तिथल्या तिथे दुसरा माणूस करतो. आकाशात घिरट्या घालायला आणि क्षेपणास्त्र डागायला तेवढा उशीर चालतो.

तो डोळा बराच काळ उघडा होता, शत्रूलाही. २००९ च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की इराकमधल्या बंडखोरांच्या लॅपटॉपवर अमेरिकी ड्रोनने टिपलेली चित्रे सापडली. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम फुकट पकडण्यासाठी बनवलेली, २६ डॉलरला मिळणारी एक संगणकप्रणाली त्यांनी वापरली होती. चित्रांना कुलूपच नव्हते. ब्राझीलमध्ये तर याहून मजेशीर चालले होते. अमेरिकी नौदलाचे सत्तरच्या दशकात उडवलेले जुने उपग्रह मिळेल तो आवाज जसाच्या तसा परत पाठवत, कोण बोलतो हे विचारत नसत. ॲमेझॉनच्या जंगलातले ट्रक ड्रायव्हर साधे रेडिओ थोडे बदलून त्यांच्यावर गप्पा मारायचे. शेवटी धरपकड झाली.

पण कुलूप लावले, चित्र स्वच्छ आले, तरी काय होते ते २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये दिसले. अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीवर कित्येक तास नजर ठेवली आणि अंगणात शिरताना ती उडवली. गाडी एका मदतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाची होती. दहा माणसे गेली, त्यांत सात मुले. आधी सांगितले की बॉम्ब घेऊन निघालेला अतिरेकी मारला. १७ सप्टेंबरला पेंटागॉनने चूक कबूल केली. दळणवळणात कुठेही बिघाड नव्हता. उपग्रह चालू होता, केबल शाबूत होती. चित्र आले ते खरेच होते, वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला. आम्ही भाषेचे शिक्षक जन्मभर याच चुकीशी झगडतो, पण आमच्या चुकीने कोणाचे अंगण जळत नाही.

मग युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या चढाईच्या सुमारे तासभर आधी कोणीतरी उपग्रहाला हातही न लावता त्याचे जमिनीवरचे कान बंद केले. व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या व्यापारी उपग्रहाचे हजारो मोडेम एका घातक प्रणालीने पुसून निकामी केले. युक्रेनच्या फौजेला हा उपग्रह हवा होता, पण झळ दूरवर गेली: जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. दोन दिवसांनी युक्रेनच्या मंत्र्याने ट्विटरवर इलॉन मस्क यांना साद घातली आणि स्टारलिंक सुरू झाले. हे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अगदी जवळ, हजारोंच्या संख्येने, एक पाडला तर दुसरा आहेच. खंदकातल्या सैनिकापासून ड्रोनवाल्यापर्यंत सगळे त्यावर आले. त्याच वर्षी क्रिमियाजवळ युक्रेनच्या सागरी ड्रोनना ही सेवा मिळाली नाही, कारण मस्क यांनी तिथे ती सुरू करायला नकार दिला. त्यांचा निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. मला खटकते ते वेगळेच: एका देशाची लढाईची मोहीम कुठपर्यंत जाईल, हे त्या देशाने न निवडलेला, कोणाला जबाबदार नसलेला एक व्यापारी ठरवू शकला. आणि २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडले तेव्हा युक्रेनची सगळी आघाडी मुकी झाली. कोणी हल्ला केला नव्हता. कंपनीच्या प्रणालीत आतलाच बिघाड होता.

म्हणून आता प्रत्येकाला आपला कासिद हवा आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सुमारे २९० उपग्रहांच्या ‘आयरिस स्क्वेअर’ जाळ्याचा करार केला. चीनने त्याच महिन्यात आपल्या महाकाय ‘गुओवांग’ जाळ्याचे पहिले उपग्रह सोडले. बेत तेरा हजारांच्या घरातला आहे. अमेरिकी फौज जवळच्या कक्षेत लेझर किरणांनी एकमेकांशी बोलणारे शेकडो उपग्रह मांडते आहे. लेझरची रेघ इतकी बारीक असते की मध्ये उभे राहिल्याशिवाय ती कोणाला ऐकता येत नाही. पण वर नेमके असेच मध्ये उभे राहणारेही आहेत. २०१७ मध्ये एक रशियन उपग्रह फ्रान्स आणि इटलीच्या लष्करी उपग्रहाच्या नको इतका जवळ येऊन थांबला. फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्यांनी पुढच्या वर्षी उघडपणे त्याला हेरगिरी म्हटले. पाडण्याची ताकद तर चार देशांनी आपापले उपग्रह फोडून दाखवली आहे, मार्च २०१९ मध्ये आपणही.

भारताची गोष्ट उशिरा सुरू होते. आपल्या नौदलाला स्वतःचा उपग्रह मिळाला तो ३० ऑगस्ट २०१३ ला: जीसॅट-७, लाडाचे नाव रुक्मिणी. वजन अडीच टनांवर, आणि तेवढे उचलणारे खात्रीचे रॉकेट तेव्हा आपल्याकडे नव्हते, म्हणून रुक्मिणी फ्रेंच गयानातून परक्या रॉकेटवर निघाली. तोवर आपल्या युद्धनौका भरसमुद्रात परदेशी सेवेवर विसंबून होत्या. हवाई दलासाठी जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ ला श्रीहरिकोट्याहून गेला. मध्ये ठेचही लागली: सैन्याच्या हातातल्या छोट्या यंत्रांपर्यंत पोचणारा, मोठी छत्रीसारखी उलगडणारी अँटेना घेतलेला जीसॅट-६ए मार्च २०१८ मध्ये वर गेला आणि काही दिवसांतच त्याचा आवाज बंद झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नौदलासाठीचा सीएमएस-०३ आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटने नेला. ४,४१० किलो. आपल्या भूमीवरून भूस्थिर कक्षेच्या वाटेवर गेलेला हा सर्वांत जड दळणवळण उपग्रह. गयानाची वारी संपली.

नववीतल्या त्या मुलाला मी हे सगळे दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत थोडक्यात सांगितले. त्याने बोटे मोजली: नौदलाचा झाला, हवाई दलाचा झाला. “आणि मग पायदळाचा, सर?” मी म्हणालो, करार मार्च २०२३ मध्ये झालाय, जीसॅट-७बी, जवळपास तीन हजार कोटींचा. “म्हणजे अजून वर गेला नाही?” नाही. त्याने डबा बंद केला आणि विचारले, “तोपर्यंत त्यांचा कासिद कोणाचा?”